फडातील पाच मिनिटे

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगररांगेतील गावे रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, गेवराई अशा तालुक्यांतून निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर माणसांनी, भांड्याकुंड्यांनी, शेळ्याकोंबड्यांनी आणि पोराबाळांनी भरून पश्चिमेची वाट धरतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील साखर कारखान्यांचे गाळप फार मोठ्या प्रमाणावर या माणसांच्या कोयत्यावर अवलंबून असते. निघताना उचल किती घेतली, मागची किती फिटायची राहिली, मुकादम कोण, कारखाना कोणता, याची चर्चा घरोघर होते. या सगळ्या हिशेबात एक बाब मात्र कोणी मांडत नाही. गेलेली माणसे हंगाम संपल्यावर धडधाकट परत येतील ना, हा प्रश्न मनात असतो; पण तो उच्चारणे अशुभ मानले जाते. अपघात झालाच तर तो नशिबाच्या खाती टाकला जातो, आणि नशिबाच्या खात्याची तपासणी कोणी करीत नाही.

अपघात हा यंत्राचा, रस्त्याचा, वाहनाचा प्रश्न आहे, तसाच तो कामगारांच्या समूहातील बोलण्याचालण्याचाही प्रश्न आहे. एकत्र काम करणारी माणसे धोक्याविषयी एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात की नाही, धोका दाखवणाऱ्याचे ऐकले जाते की त्याची थट्टा होते, काम क्षणभर थांबवण्याची मुभा कोणाला असते, या गोष्टींवर बरेच काही ठरते. मोठ्या उद्योगांनी हे अनुभवाने ओळखले आणि रोज काम सुरू होण्यापूर्वी पाचदहा मिनिटांच्या संभाषणाची रीत पाडली. ही रीत उसाच्या फडात का पोहोचली नाही, पोहोचवायची तर तिची किंमत किती आणि ती कोणी द्यावयाची, याचा विचार बीडसारख्या जिल्ह्याने तरी करावयास हवा.

धोक्याची दिनचर्या

उसाच्या फडातील काम बाहेरून पाहणाऱ्यास साधे वाटते. जमिनीलगत घाव घालायचा, ऊस साळायचा, वाढे तोडायचे, मोळी बांधायची. पण या प्रत्येक क्रियेत शरीराचा एकेक भाग पणाला लागलेला असतो. ऊस बुडख्यापासून तोडावा, असा कारखान्याचा आग्रह असतो, कारण साखर बुडख्याकडे अधिक असते. त्यामुळे तोडणारा सतत वाकलेला राहतो आणि कोयत्याचे पाते नडगीच्या व पावलाच्या जवळून फिरते. तोडून झालेल्या सरीत धारदार खुंट उरतात. पाचटाखाली नाग, घोणस, मण्यार यांपैकी काय दडले असेल ते सांगता येत नाही. जुन्नरसारख्या भागात तर ऊस हेच बिबट्याचे घर झाले आहे, आणि तेथे पहाटेच्या अंधारात फडात पाऊल टाकणे किंवा पोर एकटे बांधावर बसवणे हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

तोडणीपेक्षा भरणी अधिक धोक्याची. जेथे ट्रक किंवा ट्रॅक्टर भरला जातो तेथे तीसचाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून वर चढावे लागते. वाहन कधी येईल याचा नेम नसतो. दिवसभर तोडणी करून कोपीवर आलेल्या टोळीला रात्री दहाला किंवा पहाटे दोनला हाक येते आणि पेंगुळलेली माणसे फळी चढू लागतात. दवाने फळी निसरडी झालेली असते, उजेड पुरेसा नसतो, आणि खाली उभी असलेली बाई वरच्या मोळीच्या थेट रेषेत असते. बैलगाडीवाल्यांची तऱ्हा वेगळी. टायरगाडीत बेसुमार ऊस भरून रात्रीच्या वेळी हमरस्त्याने कारखान्याकडे जाताना मागून येणाऱ्या वाहनाला गाडी दिसावी अशी सोय पुष्कळदा नसते. ट्रॅक्टरच्या दोन ट्रेलरांचीही तीच कथा. आणि थकलेला मजूर त्याच भरलेल्या उसावर आडवा होऊन झोप घेतो.

कोपीवर परतले तरी धोका संपत नाही. पाचटाच्या झोपडीत तीन दगडांची चूल, भोवताली वाळलेला पाला, जवळच कठडा नसलेली विहीर किंवा वाहता कालवा, आणि सांभाळायला आठदहा वर्षांची थोरली बहीण. या सर्वांहून अधिक मुकाट सोसला जाणारा भाग स्त्रियांच्या आरोग्याचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या आकड्यामागे अनेक कारणे आहेत. पण त्यांतील एक असे की, दुखणे सांगून दोन दिवस विसावा मागण्याची सोय फडात नाही. दुखण्याविषयी बोलता येत नाही तेथे दुखणे मुळापासून काढून टाकण्याचा सल्ला सोयीचा वाटू लागतो.

बोलण्याची शिस्त

संघटित उद्योगाने सुरक्षिततेचा धडा सुखासुखी घेतलेला नाही. १९७५ सालच्या डिसेंबरात चासनाला येथील कोळसा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची दुर्घटना घडली. त्यानंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत व्यवस्थापन आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरली. १९६६ साली ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली होती. तो दिवस आजही सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कायदा, समिती आणि दिन यांचे महत्त्व आहेच. तथापि वर्षातून एकदा घेतलेली शपथ आणि भिंतीवरचा फलक यांनी अपघात टळत नाहीत, हेही उद्योगांच्या ध्यानी आले. यातूनच अवजारांच्या पेटीभोवती उभे राहून रोज सकाळी आजच्या कामातील आजचा धोका बोलून दाखवण्याची प्रथा बांधकामावर, खाणीत, तेलविहिरीवर रूढ झाली.

या प्रथेचे बीज आपल्याकडेही जुने आहे. रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक पुढे दिसणाऱ्या सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही सिग्नल दिसत असतो. मग बोलायचे कशाला, असा प्रश्न पडावा. याचे उत्तर असे की, डोळ्याने पाहिलेले मनाने टिपले आहे याची खातरजमा उच्चाराने होते, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कानाने पकडली जाते. जपानच्या रेल्वेत तर बोटाने निर्देश करून मोठ्याने उच्चारण्याची पद्धत गेली शंभरएक वर्षे कसोशीने पाळली जात आहे.

रोजच्या संभाषणाने तीन गोष्टी साधतात. पहिली ज्ञानाची. फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली एका निबंधात असे दाखवून दिले की, समाजातील फार मोठे ज्ञान विशिष्ट स्थळकाळाशी बांधलेले असते. ते कोणत्याही एका केंद्रस्थानी गोळा झालेले नसते, अनेकांच्या डोक्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते. त्याने हा विचार बाजारपेठेसंबंधी मांडला. पण तो फडालाही तंतोतंत लागू पडतो. कोणत्या सरीत काल बीळ दिसले हे एका बाईला ठाऊक असते. ट्रेलरच्या फळीला चीर गेल्याचे एका पोराने पाहिलेले असते. गाडीवानाची रात्रभर झोप झालेली नाही, हे त्याच्या बायकोलाच माहीत असते. हे तुकडे एकत्र आले तर अपघात टळतो, आणि ते एकत्र येण्याचा मार्ग संभाषण हाच आहे.

दुसरी गोष्ट हुकलेल्या अपघातांची. अमेरिकेतील हाइनरिख याने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, एका गंभीर इजेमागे अनेक किरकोळ इजा आणि त्याहून कितीतरी अधिक निर्धोक सुटलेले प्रसंग असतात. त्याने दिलेल्या नेमक्या प्रमाणावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि ते आज जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. पण फळी हलली आणि कोणी पडले नाही, या प्रसंगात उद्याच्या पडण्याची आगाऊ सूचना असते, एवढे तात्पर्य साध्या अनुभवालाही पटणारे आहे. ही सूचना बोलली गेली नाही तर ती वाया जाते.

तिसरी गोष्ट अधिकाराची. रोज विचारले जाते तेव्हाच नाही म्हणण्याची सवय लागते. ज्याला सकाळी धोका सांगण्याची संधी मिळाली, तोच मध्यरात्री या फळीवरून चढणार नाही असे म्हणू शकतो.

सहा रुपयांचा प्रश्न

मग हे फडात का होत नाही? ऊसतोड मजूर अडाणी आहेत, त्यांना जिवाची पर्वा नाही, हे उत्तर उथळ आहे. आपली बैलजोडी काट्याकुट्यातून जपून नेणारा माणूस स्वतःच्या बायकोपोरांविषयी बेपर्वा असतो, यावर कोणाचा विश्वास बसावा? खरे उत्तर मजुरीच्या रचनेत आहे. फडातील मजुरी टनावर मिळते. ॲडम स्मिथने १७७६ सालीच नोंदवून ठेवले आहे की, नगावर वा मापावर चांगली मजुरी मिळणारे कामगार स्वतःला मर्यादेबाहेर राबवतात आणि थोड्याच वर्षांत प्रकृती गमावून बसतात. त्याने असेही म्हटले होते की, कष्टाच्या आणि नकोशा कामाला बाजारात अधिक मोबदला मिळण्याची प्रवृत्ती असते. पण यास एक अट आहे. कामगाराला ते काम सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक हवी. ज्याने आषाढात उचल घेतली त्याने कार्तिकातील मोकळीक आधीच विकलेली असते. त्यामुळे धोक्याचा मोबदला त्याच्या दरात उतरत नाही. एक दिवस काम चुकले तर मजुरी बुडते आणि वर खाडा म्हणून दंडही मांडला जातो. अशा माणसाला पाच मिनिटे थांबून बोला असे सांगणे म्हणजे त्याच्याच खिशातून उपदेशाची किंमत वसूल करणे होय. कारखान्यातील सकाळची सभा कंपनीच्या घड्याळावर होते. फडातील प्रत्येक मिनिट मात्र मजुराच्या घड्याळावर चालते. दोहोंतील हा भेद विसरून केलेली कोणतीही सूचना पोकळ ठरेल.

ही किंमत खरोखर किती आहे, याचा अंदाज मात्र घेता येतो. उदाहरणादाखल असे धरू की एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाकाठी दोन टन ऊस तोडते आणि टनाला साडेतीनशे रुपये मिळतात. दिवसाची कमाई सातशे रुपये. कामाचे दहा तास धरले तर पाच मिनिटांची किंमत एका कोयत्यास सहा रुपयांच्या आत भरते. दीडशे दिवसांच्या हंगामात ती पावणेनऊशे रुपये होईल आणि दहा कोयत्यांच्या टोळीस पावणेनऊ हजार. आता दुसरी बाजू पाहावी. टोळीतील एकाच माणसाच्या पायावर कोयता बसून ती जोडी पंधरा दिवस घरी बसली तर साडेदहा हजारांची मजुरी बुडते. डॉक्टर, औषध, गाडीभाडे आणि खाडा वेगळा. म्हणजे संपूर्ण हंगामात संपूर्ण टोळीत अशी एक जखम टळली, तरी रोजच्या संभाषणाचा सगळा खर्च भरून निघतो. कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू यांची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरण्याचे धाडस अर्थशास्त्रानेही करू नये.

शिवाय टोळीची पाच मिनिटे नेहमी कामातूनच कापावी लागतात असेही नाही. पहाटे कोयते पाजवताना, चिटबॉयची वाट पाहताना, वाहन येण्यापूर्वी मोळ्या रचून बसले असताना टोळी एका जागी असतेच. तेथे उचलीच्या, सोयरिकीच्या, पावसापाण्याच्या गोष्टी चालतात. त्यांत आणखी एका विषयाची भर घालावयाची आहे, इतकेच.

मुकादमाचे स्थान

या सर्व व्यवस्थेचा सांधा म्हणजे मुकादम. तो बहुधा त्याच पंचक्रोशीतला, पुष्कळदा भावकीतला असतो. कारखान्याशी किंवा त्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेशी करार तो करतो, उचल तो वाटतो, टोळी तो जमवतो, आणि मजुरीवर ठरलेल्या टक्केवारीने कमिशन घेतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मजूर कारखान्याचे. अपघात झाला म्हणजे हे भांडण उघड्यावर येते आणि जखमी माणूस दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. तरीही टोळीत ज्याच्या शब्दाने काम थांबू शकते असा माणूस तोच आहे. रात्रीची भरणी सकाळवर ढकलायची का, ही फळी बदलायची का, ताप भरलेल्या बाईला आज कोपीवर ठेवायचे का, हे निर्णय त्याच्या तोंडून होतात. म्हणून सुरक्षिततेचे बोलणे त्याला वगळून उभे राहणार नाही; आणि त्याचे कमिशन केवळ टनावर अवलंबून आहे तोवर ते त्याच्याकडून आपोआप सुरूही होणार नाही.

येथे करारांचा विषय येतो. ऊसतोड मजुरांच्या संघटना आणि राज्य सहकारी साखर कारखाना संघ यांच्यात ठरावीक वर्षांनी मजुरीचा करार होतो. त्यासाठी संप होतात, कोयते बंद राहतात, लवाद बसतात. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने मजुरीत ३४ टक्के वाढ ठरवली. ही वाढ मोलाची आहे. परंतु या वाटाघाटींत दर आणि कमिशन यांनाच अग्रस्थान मिळते. कामाची रीत चर्चेस येत नाही. पुढील करारात चार कलमे घालणे अशक्य नाही. रोजच्या पाच मिनिटांची भरपाई दरात धरावी. धोका दाखवून काम थांबवल्यास खाडा लावू नये. प्रत्येक टोळीमागे प्रथमोपचाराची पेटी, हातमोजे व बूट आणि प्रत्येक गाडीमागे चमकपट्ट्या असाव्यात. आणि ज्या टोळीत ही पद्धत पाळली जाते तिच्या मुकादमास कमिशनात अल्पसा अधिक वाटा मिळावा. टनामागे जे मिळते ते टनासाठी केले जाते. माणसामागे काही मिळू लागले तर माणसासाठीही केले जाईल.

उपदेश आणि संभाषण

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. सुरक्षिततेच्या गप्पांचा परिणाम पुष्कळदा असा होतो की, सारी जबाबदारी कामगाराच्या वागणुकीवर ढकलली जाते. ट्रेलरला दिवा नाही हा मालकाचा दोष. पण चर्चा होते ती मजूर उसावर का झोपला याची. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर संभाषणाच्या स्वरूपातच द्यावे लागेल. ज्या बोलण्यात एकच माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात तो उपदेश असतो. ज्यात विचारले जाते, ऐकले जाते आणि सांगितलेल्या गोष्टीचे उत्तर मिळते ते संभाषण. सकाळी फळीची चीर सांगितली आणि संध्याकाळी तीच फळी पुन्हा लावली गेली, तर दुसऱ्या दिवसापासून कोणी तोंड उघडणार नाही. टोळीला स्वतः जे करता येते ते टोळीने करावे, मुकादमाच्या हातातले मुकादमाने. आणि जे कारखान्याकडेच मागावयाचे ते कारखान्याच्या शेतकी विभागापर्यंत लेखी जावे व त्याची पोच मिळावी.

प्रत्यक्षात यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. काल कोणाचे काय थोडक्यात वाचले? आज या फडात, या रस्त्यावर नवे काय आहे? आणि आज कोणाची तब्येत बरी नाही? पहिला प्रश्न विचारला की एखादी म्हणेल, “राती भरताना फळी सरकली होती, भाऊजी, माझा पाय वाचला.” दुसऱ्यावर कोणी सांगेल, “आबा, ओढ्याच्या अंगाला विहीर हाय, कठडा न्हाई. पोरं तिकडं सोडू नका.” तिसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरेल. ती शांतताच सर्वात अर्थपूर्ण असते, कारण तीत बायकांचे दुखणे दडलेले असते. म्हणून हे बोलणे स्त्रीने सुरू करावे, निदान दिवसाआड तरी. कोयत्याचा अर्धा भाग ती आहे. पण उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या हाती आणि शब्दही नवऱ्याचाच. लेकरांचा, पाण्याचा, चुलीचा आणि रात्रीच्या भरणीचा धोका तिच्याइतका कोणाला ठाऊक नसतो.

एक दक्षता येथे घ्यावी लागेल. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नाही आणि थट्टाही नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला पाहिजे. ज्याच्या हातून कोयता निसटला तो ते सांगेल तेव्हा त्याला वेंधळा ठरवले, तर पुढचा निसटलेला कोयता कोणालाच कळणार नाही.

शाळा, कचेरी आणि कारखाना

या कामात सुशिक्षितांचा वाटा कोणता, असा प्रश्न येथे उभा राहतो. बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या वर्गात दिवाळीनंतर जी बाके रिकामी दिसतात ती याच टोळ्यांतील मुलांची. २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबा यांच्या नावाने या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. वसतिगृहात राहिलेले मूल विहिरीकाठच्या कोपीपासून दूर राहते, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. जी मुले आईबापांबरोबर जातातच, त्यांना जाण्यापूर्वी चार गोष्टी शाळेत शिकवता येतील. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो अवयव हालू न देता माणसाला लस असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावे, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. एवढे दहा वर्षांच्या मुलीस ठाऊक असेल तर ती टोळीतील सर्वात उपयुक्त व्यक्ती ठरेल. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दसऱ्यापूर्वी गावागावांत जाऊन मुकादमांसमवेत या तीन प्रश्नांचा सराव करून घेतला, तर ते शिबिर रस्ते झाडण्याहून कितीतरी अधिक फलदायी होईल.

कचेरीतल्या माणसांचे काम नोंदीचे आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे, आणि गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी दहा रुपये व तितकाच वाटा शासनाने द्यावा, अशी त्याच्या निधीची योजना आहे. कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्र ही त्याची पहिली पायरी. पण जखमांची नोंद हीही तितकीच निकडीची. कोणत्या फडात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, भरताना की तोडताना, कोणत्या प्रकारच्या वाहनाजवळ अपघात झाला, हे लिहून ठेवल्याखेरीज कोणता धोका मोठा आणि कोणता लहान हे कळणार नाही. आणि ते कळल्याखेरीज निधी कोठे खर्चावा हेही ठरणार नाही. चिटबॉय उसाच्या प्रत्येक खेपेची पावती फाडतो. त्याच पुस्तकात आणखी एक रकाना असण्यास हरकत नसावी.

कायद्याची चौकटही आता बदलली आहे. संसदेने २०२० साली संमत केलेली कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा तिने घेतली. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसंबंधीचा १९७९ चा कायदाही तीतच सामावला आहे. कायद्याचा हात कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो, हे खरे. पण फाटकाच्या आतही सारे आलबेल असते असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये परळीजवळच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात गरम रसाची टाकी फुटून कामगार भाजले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. जेथे अभियंते आहेत, तपासनीस आहेत, हजेरीपट आहे, तेथेही अपघात घडतात. मग जेथे फड दर आठवड्याला बदलतो, तेथे तपासनीसाची वाट पाहून भागणार नाही. फडात रोज हजर असणारा तपासनीस एकच, आणि तो म्हणजे टोळी स्वतः. तिला बोलते करणे, तिच्या बोलण्याला उत्तर देण्यास कारखान्याला बांधून घेणे आणि त्या वेळाची किंमत तिच्या माथी न मारणे, ही तिन्ही कामे एकदमच व्हावी लागतील. यांतील एकच केले तर त्याचा नुसता उपचार होऊन बसेल.

यंत्राने ऊस तोडला जाऊ लागला की हा प्रश्न आपोआप मिटेल, असे मानणारे पुष्कळ आहेत. तोडणीयंत्रे वाढत आहेत हे खरे. पण लहान तुकड्यांच्या, वेड्यावाकड्या बांधांच्या शेतात कोयता अद्याप पुष्कळ वर्षे चालणार आहे. आणि यंत्र आले तरी ते चालवणारी, त्याच्या मागेपुढे वावरणारी माणसे असणारच. आज फडात जी सवय रुजेल ती उद्या यंत्रावरही उपयोगी पडेल.

महाराष्ट्राच्या साखर धंद्याने मोजमापाची मोठी परंपरा निर्माण केली आहे. रोजचे गाळप, साखरेचा उतारा, मळीचे प्रमाण, यांचे आकडे टक्क्याच्या शतांशापर्यंत काढले जातात, आणि उतारा किंचित घसरला तरी त्याची कारणे शोधली जातात. त्याच कारखान्याच्या उसामागे किती बोटे तुटली, किती माणसे फळीवरून पडली, किती जणी दुखणे अंगावर काढून राबल्या, याचा आकडा मात्र मागणारा कोणी नाही. तो आकडा मागण्याची सुरुवात विधिमंडळात होईल, करारात होईल, न्यायालयातही होईल. पण तो खरा निघावयाचा असेल तर त्याचा पहिला उच्चार पहाटेच्या फडात, कोयते पाजवत बसलेल्या माणसांच्या तोंडून व्हावा लागेल. बालाघाटाच्या माणसांनी राज्याच्या साखरेसाठी आजवर आपला घाम दिला आहे. त्यांना आपल्या जिवाविषयी बोलण्यासाठी दिवसातली पाच मिनिटे मिळावीत, ही मागणी फार मोठी नाही.